दुकानाचं जुनं मशीन एसएसडीवर न्यायचं आहे? फॉरमॅट मारू नका, आहे ती विंडोज हलवा

माझं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दुकानातली मशीनं मी स्वतःच बघते, आणि आता नंदगडपासून जांबोटीपर्यंतचे दुकानदारही आपापली मशीनं घेऊन येतात. गाऱ्हाणं बहुतेकांचं एकच असतं. "अक्का, मशीन लई हळू चालायलंय बघा. बटण दाबून चहा पिऊन आलो तरी डेस्कटॉप येत नाही." हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) लावणं हा त्यावरचा सगळ्यात खात्रीचा इलाज आहे. पण ती लावताना विंडोजचं काय करायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. नवीन विंडोज घालायच्या नादाला लागू नका. चालू असलेली विंडोज सगळ्या सामानासकट एसएसडीवर न्या, म्हणजे डिस्क क्लोन करा.

आमच्या भागातल्या दुकानाच्या मशीनमध्ये काय काय असतं ते बघा. टायपिंगचे प्रोग्राम: लग्नपत्रिकांसाठी श्रीलिपी, कन्नड अर्जांसाठी नुडी, कुणाकडे जोडीला बरहा. पेजमेकर ७ मधल्या जुन्या फायली, ज्या गिऱ्हाईक दरवर्षी मागतं. मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन कीबोर्ड. ग्राम वनचं, म्हणजे सरकारी सेवा केंद्राचं, काम असेल तर बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि त्याची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारशी जोडणारा प्रोग्राम), डिजिटल सहीचं टोकन, सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलच्या कामासाठी ब्राउझरमध्ये करून ठेवलेल्या जुळण्या. शाळेचं मशीन असेल तर मुलांच्या नोंदी, दाखल्यांचे नमुने. शिवाय एखादा जुना स्कॅनर, ज्याची सीडी कधीच हरवली आहे. नवीन विंडोज अर्ध्यापाऊण तासात बसते. हे सामान परत जागेवर बसवायला मात्र आठवडा जातो, आणि तोवर उताऱ्यासाठी आणि जातीच्या दाखल्यासाठी आलेली माणसं दारातून परत जातात.

नवीन विंडोज घालावी असे प्रसंगही आहेत. मशीनमध्ये व्हायरस शिरलेला असेल, विंडोज मुळातच मोडकी असेल, रोज निळा पडदा येत असेल, तर ते दुखणं क्लोनबरोबर नव्या डिस्कवर जाईल. तिथे फॉरमॅटच बरा. बाकी ठिकाणी क्लोन.

विंडोज १० बद्दल सगळेच विचारतात. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि एसएसडी लावल्यानं त्यात काही बदल होत नाही. मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत असेल, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर आधी क्लोन करा आणि मग एसएसडीवरच अपग्रेड करा. क्रम उलटा करू नका. अपग्रेड फसलं तर जुनी डिस्क जशीच्या तशी हाताशी असते.

फरक कशामुळे पडतो

हार्डडिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, आणि वाचणारा काटा योग्य जागी जायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद घेतो. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली वाचते, त्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतात आणि सगळा वेळ त्या काट्याच्या येरझाऱ्यांत जातो. एसएसडीत हलणारं काहीच नसतं. तिथे तेच काम ०.१ मिलिसेकंदात किंवा त्याहूनही लवकर होतं. म्हणून खोक्यावरचे मोठे आकडे बघून पैसे ओतू नका. हार्डडिस्कच्याच जोडावर चालणारी साधी साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते, जास्त वेगाच्या जोडावरची एनव्हीएमई ३५०० आणि त्याच्याही पुढे जाते. पण पत्रिका, अर्ज आणि प्रिंट काढणाऱ्या दुकानात या दोघींतला फरक जाणवत नाही. हार्डडिस्कवरून यांपैकी कुठल्याही एकीवर आलात की जाणवतो. मात्र रॅम ४ जीबीच असेल तर त्याच फेरीत ८ करून घ्या, नाहीतर ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की मशीन परत अडखळेल.

कोणती घ्यायची

डेस्कटॉपला प्रश्नच नाही. २.५ इंची साटा एसएसडी घ्या, सोबत ३.५ इंची जागेत बसणारी पट्टी घ्या. पट्टी नाही मिळाली तरी काम अडत नाही, एसएसडी हलकी असते आणि तिला धक्क्याची भीती नसते.

लॅपटॉपला आधी उघडून बघा, नाहीतर मॉडेल नंबरावरून कंपनीचं मॅन्युअल वाचा. जुन्यात २.५ इंची हार्डडिस्कची जागा असते. एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, काही जुन्या लॅपटॉपची जागा ९.५ मिलिमीटरची असते. तिथे मध्ये प्लास्टिकची चौकट घालावी लागते. नव्या लॅपटॉपात एम डॉट टू ची खाच असते आणि फसगत इथेच होते. एम डॉट टू हा नुसता आकार आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. त्याच आकारात साटाही मिळते आणि एनव्हीएमईही. टोकाला दोन चिरा असतील तर ती बहुतेक वेळा साटा असते, एकच चीर असेल तर बहुतेक एनव्हीएमई. लॅपटॉपची खाच कुठली घेते हे मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजानं घेऊ नका. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपला कार्ड लावून एनव्हीएमई जोडता येते, पण अशा बऱ्याच बोर्डांचं बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डातला प्रोग्राम) तिच्यावरून विंडोज सुरूच करू शकत नाही. तिथे साटाच घ्यावी.

आकाराचं बोलायचं तर सी ड्राइव्हवर भरलेली जागा किती आहे ते बघा आणि नव्या डिस्कवर एक पंचमांश तरी रिकामी राहील असं धरा. २४० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २२३ दिसते, ५०० ची ४६५ दिसते. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं. दुकानाच्या मशीनसाठी मी ४८० किंवा ५०० सांगते. टिकाऊपणाचा आकडाही त्यासोबत वाढतो. क्रुशियलच्या बीएक्स ५०० मध्ये २४० ला ८० टीबी लिखाणाची हमी आहे, ४८० ला १२० ची. सॅमसंगच्या ८७० ईव्होत २५० लाच १५० आहे आणि ५०० ला ३००.

नाव न ऐकलेली दोन टीबीची एसएसडी कुणी मातीमोल भावात देत असेल तर हात लावू नका. आतली चिप लहान असते आणि आकडा खोटा दाखवलेला असतो. शंका असेल तर एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम रिकामी डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतो. खोटी डिस्क तिथे उघडी पडते.

२.५ इंची एसएसडी घेतली तर सोबत साटा ते यूएसबी ३ ची केबल घ्या. ही हवीच. जुनी यूएसबी २ ची केबल सेकंदाला जेमतेम ३५ एमबी नेते, म्हणजे २०० जीबीला दीड तासाच्या वर. यूएसबी ३ वर तेच काम पाऊण तासाच्या आसपास होतं, कारण तिथे वेग जुनी हार्डडिस्क ठरवते. केबल निळ्या पोर्टातच लावा.

क्लोनच्या आधी: डिस्कची तब्येत

क्रिस्टल डिस्क इन्फो उतरवून घ्या आणि जुनी हार्डडिस्क बघा. निळा रंग म्हणजे ठीक. पिवळा आणि 'कॉशन' दिसलं तर खालच्या यादीत 'रिअलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळी वाचा. त्यांच्यासमोर शून्याऐवजी आकडा असेल तर डिस्कचे तुकडे मरायला लागलेत. अशी डिस्क थेट क्लोनला लावू नका. क्लोन म्हणजे तासभर सलग पूर्ण डिस्क वाचणं, आणि मरणारी डिस्क त्यातच शेवटचा श्वास घेते. आधी हाताने महत्त्वाच्या फायली उतरवा, पत्रिका आणि हिशेब पहिले, मग क्लोन करून बघा.

डिस्क ठीक असेल तरी बॅकअप घ्याच. इथे आमच्या कामातली एक गोष्ट नीट सांगते, कारण संगणकाचे जाणकारही ती विसरतात. श्रीलिपी आणि नुडीच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नसतात. फायलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं; फाँट त्यांच्यावर मराठी किंवा कन्नड आकार चढवतो. फाइल आहे पण 'श्री-देव ०७१४' किंवा 'नुडी ०१ ई' हा फाँट नाही, तर पत्रिका उघडल्यावर 'चि.' आणि 'सौ.कां.'च्या जागी कंस, टक्क्याची खूण आणि तुटकी इंग्रजी अक्षरं दिसतात. वधूवरांची नावं, मुहूर्त, सगळं तसंच. म्हणून बॅकअप म्हणजे नुसता डॉक्युमेंट्सचा फोल्डर नव्हे. विंडोजच्या फोल्डरमधला फाँट्स हा आख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. सोबत श्रीलिपीचा आणि नुडीचा सेटअप, लायसन्सचा नंबर, ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा फोल्डर. पेजमेकरच्या फायलींबरोबर त्यात जोडलेले फोटोही घ्या. गणपतीची, कुलदैवताची चित्रं बहुतेक वेळा भलत्याच फोल्डरमध्ये असतात आणि फाइल त्यांचा फक्त पत्ता लक्षात ठेवते.

लायसन्सचं दुसरंही एक आहे. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलली तरी विंडोज ॲक्टिव्हच राहते. यूएसबी डाँगलवर चालणाऱ्या प्रोग्रामलाही फरक पडत नाही. पण काही प्रोग्राम डिस्कचा सिरियल नंबर बघतात आणि क्लोननंतर परत ॲक्टिव्हेशन मागतात. कुठला प्रोग्राम तसा आहे हे विक्रेत्याला आधी फोन करून विचारा. जुन्या डिस्कवरून लायसन्स आधी सोडवून घ्यावं लागत असेल तर ते जुनी डिस्क चालू असतानाच करावं लागतं.

तयारी

सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायोस मोड' समोर काय आहे ते कागदावर लिहून ठेवा, यूईएफआय की लेगसी (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत की जुनी). मग डिस्क मॅनेजमेंट उघडून जुन्या डिस्कचे भाग बघा. यूईएफआय मशीनवर सुरुवातीला १०० एमबीच्या आसपासचा ईएफआय भाग असतो, मग सी, मग रिकव्हरी. लेगसीवर बहुतेक 'सिस्टिम रिझर्व्हड' आणि सी. विंडोज सुरू होते ती या बारक्या भागावरून. नुसता सी क्लोन केला तर सगळ्या फायली नव्या डिस्कवर असतात आणि मशीन मात्र काळ्या पडद्यावर अडून बसतं. या पडद्यावर अडलेली मशीनं माझ्याकडे बरीच येतात.

डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विंडोज ११ च्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या फायलींना लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. अनेकांना ते चालू आहे हेच माहीत नसतं, कारण मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की ते आपोआप सुरू होऊ शकतं. रिकव्हरी की आधी खात्यातून कागदावर उतरवा, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. सगळं झाल्यावर नव्या डिस्कवर परत चालू करता येतं.

कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि बाहेरून क्लोन करणारा प्रोग्राम अशा डिस्कला हात लावायला तयार होत नाही. झोपेची वेळही 'नेव्हर' करा. टेम्पररी फायली आणि कचऱ्याची टोपली रिकामी करा. सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, टूल्स, 'चेक' इथून डिस्कच्या चुका तपासून घ्या.

आणि करंट. खानापुरात जून ते सप्टेंबर करंटचा भरवसा धरू नका. यूपीएसची बॅटरी खरंच किती मिनिटं टिकते ते आधी तार काढून बघा. दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली असं नसतं. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, चार्जर लावून ठेवा. मी हे काम संध्याकाळी दुकान आवरल्यावर, पाऊस थांबलेला असताना सुरू करते.

क्लोन

एसएसडी केबलने जोडा. ती एक्सप्लोररमध्ये दिसणार नाही, घाबरू नका. कोरी डिस्क फक्त डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसते. तिथे एमबीआर की जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती) असा प्रश्न आला तर जुन्या डिस्कसारखंच निवडा, म्हणजे यूईएफआय असेल तर जीपीटी, लेगसी असेल तर एमबीआर.

प्रोग्राम कुठला वापरायचा? एसएसडी नावाजलेल्या कंपनीची असेल तर तिचाच वापरा. क्रुशियल आणि डब्ल्यूडी आपल्या ग्राहकांना अक्रोनिसची खास आवृत्ती देतात, ती त्यांची डिस्क जोडलेली असली की चालते. सॅमसंगचा स्वतःचा प्रोग्राम आहे, पण तो नवी डिस्क सॅमसंगची असेल तरच काम करतो. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती २०२४ पासून सपोर्टबाहेर गेली, चाचणीची ३० दिवसांची मिळते, पण तिच्यात क्लोन करता येतं का ते आधी बघून घ्या. पूर्ण फुकट आणि खुला हवा असेल तर क्लोनझिला. तो पेनड्राइव्हवर रुफसने चढवून मशीन त्यावरून सुरू करायचं, 'डिव्हाइस-डिव्हाइस' निवडायचं, मग 'डिस्क टू लोकल डिस्क'. दिसायला जुनाट आहे, काम चोख करतो. पण नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असेल तरच नवख्यानं त्याच्या वाटेला जावं. १ टीबीवरून ४८० वर येताना भाग आधी लहान करावे लागतात, आणि तिथे मॅक्रियम किंवा कंपनीचा प्रोग्राम सोपा पडतो.

आता १ टीबीवरून लहान एसएसडीवर यायची माझी नेहमीची पद्धत सांगते. बहुतेक मशीनमध्ये विंडोज सी वर आणि कामाच्या फायली डी वर असतात. मग डी हलवायचाच कशाला? ईएफआय, सी आणि रिकव्हरी एवढेच भाग नव्या डिस्कवर न्या, डी जुन्या डिस्कवरच राहू द्या आणि नंतर ती डिस्क मशीनमध्ये दुसरी म्हणून बसवा. वेग विंडोजला आणि प्रोग्रामना लागतो, साठवलेल्या पत्रिकांना नाही. मॅक्रियममध्ये हवे ते भाग उचलून खालच्या डिस्कवर ओढायचे, आणि सी चा आकार वाढवायचा असेल तर तो आधी ठरवून मगच रिकव्हरी भाग शेवटी ओढायचा. तो सी ला लागून मध्ये बसला तर त्याच्या पलीकडची रिकामी जागा नंतर सी ला जोडता येत नाही.

पुढचं बटण दाबायच्या आधी हात बाजूला घ्या आणि पडदा वाचा. सोर्स म्हणजे जुनी, टार्गेट म्हणजे नवी. टार्गेटवरचं सगळं पुसलं जातं. दोन्ही डिस्क ५०० च्या आसपास असतील तर आकारावरून ओळखू नका. मॉडेलचं नाव आणि सिरियल नंबर एसएसडीच्या लेबलवर छापलेला असतो, तो पडद्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर लावून बघा. दुकानात दुसरं कुणी असेल तर त्यालाही वाचायला लावा. मी माझ्या धाकट्या भावाला बोलावते आणि तो मोठ्यानं वाचतो. उलटा क्लोन झाला तर कोरी डिस्क तुमच्या विंडोजवर उतरते, आणि तिथून परत यायला वाट नाही.

क्लोन चालू असताना मशीनवर दुसरं काम करू नका, केबल हलवू नका.

पहिल्यांदा सुरू करताना

मशीन पूर्ण बंद करा. डेस्कटॉपची तार काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढा, नाहीतर आतला बॅटरीचा जोड सोडा. पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवा. जुनी डिस्क काढा आणि तिच्या जागी एसएसडी लावा. एम डॉट टू असेल तर ती खाचेत तिरकी घालून मग दाबायची आणि टोकाला बारका स्क्रू लावायचा.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नको. दोन्ही जोडल्या तर मशीन कुठून सुरू झालं तेच कळत नाही. शिवाय क्लोनमुळे दोन्हींची ओळख सारखी झालेली असली तर विंडोज एकीला 'ऑफलाइन' करते, आणि तुम्ही तिला 'ऑनलाइन' केलंत की तिची ओळख बदलते. मग ती जुनी डिस्क स्वतःहून सुरू होईलच असं नाही, आणि आपला आधार तर तीच आहे.

सुरू झालं नाही तर बायोसमध्ये जा. डेलला एफ २, एचपीला एफ १०, बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांना डिलीट. बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा एसएसडीचं नाव पहिलं आणा. बायोस मोड कागदावर लिहिला होता तसाच आहे का बघा. जुन्या बोर्डाची बॅटरी उतरलेली असली की तार काढल्यावर तो मोड बदलून बसतो. बोर्डाची ती नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी याच वेळी बदलून टाका.

'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा आला तर बहुतेक वेळा डिस्कच्या ड्रायव्हरचा गोंधळ असतो. दोन-तीनदा सुरू होताहोता बंद केल्यावर विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखवते, तिथून सेफ मोडमध्ये एकदा सुरू करा आणि परत साधं सुरू करा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. आणि बायोसमध्ये साटा मोड जुना 'आयडीई' असेल तर तो थेट 'एएचसीआय' करू नका. आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमधून सेफ मोडची खूण करा, मग बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या आणि मग ती खूण काढा.

सगळं चालू झालं की एकेक करून तपासा. नुडीत एक ओळ टाइप करा, श्रीलिपीत एक. जुनी पत्रिका उघडून प्रिंट काढा. ठशाचं यंत्र, स्कॅनर, सहीचं टोकन, हिशेबाचा प्रोग्राम. मग डी असलेली जुनी डिस्क दुसऱ्या जागी जोडायची असेल तर जोडा, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचं अक्षर परत डी च आहे का बघा. ते ई झालं असेल तर पेजमेकरला जोडलेली चित्रं सापडणार नाहीत.

सर्चमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून नव्या डिस्कसमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं लिहिलंय का एवढं बघा. तसं असेल तर विंडोज दर आठवड्याला तिला ट्रिम करते, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करून घेते, तुम्हाला काही करावं लागत नाही. बाहेरचा डीफ्रॅगचा (विखुरलेल्या फायली एकत्र आणणारा) प्रोग्राम असेल तर काढून टाका. एसएसडीला त्याचा उपयोग शून्य आणि झीज फुकटची.

जुन्या डिस्कचं काय करायचं

डी साठी ती परत मशीनमध्ये बसवली नसेल तर महिनाभर तिला हात लावू नका. सगळे प्रोग्राम एकदा तरी चालवून होईपर्यंत, शाळेचं मशीन असेल तर महिनाअखेरच्या नोंदी भरून होईपर्यंत, ती जशी आहे तशी कपाटात ठेवा. नंतर ती यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा. हे मी आग्रहानं सांगते, कारण हार्डडिस्क मरायच्या आधी बरेचदा आवाज करते, हळू होते, इशारा देते; एसएसडी कित्येकदा काही न सांगता एका दिवशी दिसेनाशी होते. आणि ट्रिममुळे एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळवणं जवळपास अशक्य असतं.

डिस्क विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर नुसती पुसून देऊ नका. आपल्या दुकानाच्या डिस्कवर गावातल्या माणसांची आधार कार्डं, रेशन कार्डं, बँकेची पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढा, म्हणजे विंडोज त्या भागावर सगळीकडे शून्य लिहिते. त्याला काही तास लागतात, लागू द्या. सी आणि डी दोन्ही भागांना तसं करा. केसिंग घ्यायला जाल तेव्हा डिस्क सोबत न्या. लॅपटॉपची २.५ इंची असेल तर यूएसबीवरच चालते, डेस्कटॉपची ३.५ इंची असेल तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, तो केसिंगबरोबरच मागून घ्या.